आधी लिमिट की आधी सरळ रेषा?

संपादकांनी "सौदीतल्या नोकरीच्या आठवणी लिहा" असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर वाळवंट, उंट आणि सोन्याची दुकानं असणार. मी जेद्दात अर्धं आयुष्य काढलं आणि उंट पाहिला तो शाळेच्या सहलीत, तोही लांबून. बाकी सगळा काळ एका भारतीय शाळेच्या मुलींच्या विभागात, अकरावी-बारावीला गणित शिकवण्यात गेला. त्या नोकरीत मी सर्वांत जास्त भांडले ते कशावरून म्हणाल, तर कोणता धडा आधी घ्यायचा यावरून. इथेच कुणी पान उलटलं तरी माझी तक्रार नाही. गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघणाऱ्यांची मला सवय आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पुस्तकात धडे ओळीनं छापलेले असतात, पहिल्यापासून सुरू करायचं आणि शेवटाला पोचायचं. खालच्या वर्गांत ते चालतंही. पण अकरावीचं गणित फोडणीसारखं असतं. मोहरी तडतडायच्या आत हळद घातली की हळद जळते आणि मोहरी कच्ची राहते. पुस्तकात 'लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह' हा धडा अगदी शेवटाकडे येतो. डेरिव्हेटिव्ह म्हणजे, सोप्या भाषेत, एखादी गोष्ट त्या क्षणी किती वेगानं बदलते आहे ते काढण्याची रीत, आणि लिमिट ही तिची पहिली पायरी. तिकडे फिजिक्सच्या बाईंना तीच रीत पहिल्या महिन्यात हवी असते, कारण त्यांचा वेगाचा धडाच पहिला. मग त्या आपल्या अर्ध्या कच्च्या पद्धतीनं ती मुलींना शिकवतात आणि पुढे ती निस्तरताना आमच्या नाकी नऊ येतात. हे भारतातल्या शाळांतही चालतंच. जेद्दात त्यात आणखी दोन गोष्टी मिसळायच्या, एक रमजान आणि दुसरी फायनल एक्झिट.

रमजानचं आधी सांगते. तो दर वर्षी थोडा थोडा मागे सरकतो, त्यामुळे उपवासात कोणता धडा येणार हे दर वर्षी नव्यानं बघावं लागतं. सुरुवातीच्या काळात मला एवढी अक्कल नव्हती. एका रमजानात मी पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन काढून बसले. या धड्यातली निम्मी उदाहरणं खाण्याची असतात. हॉटेलात चार प्रकारची सरबतं आणि पाच प्रकारच्या मिठाया आहेत, तर एक सरबत आणि दोन मिठाया किती प्रकारे निवडता येतील, असली. दुपारची वेळ, पोरी पहाटेपासून पाण्याच्या थेंबावाचून बसलेल्या आणि मी फळ्यावर फालुदा लिहिते आहे. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली, "मॅम, आज मिठाई के बदले पुस्तकें सिलेक्ट कर सकते हैं?" तेव्हापासून तो धडा मी रमजानात कधीच घेतला नाही. त्या महिन्यात स्टॅटिस्टिक्स. त्यानं कुणाला भूकही लागत नाही आणि तहानही.

पालकांची तऱ्हा वेगळी. आपल्याकडचे डॉक्टर तिथे पुष्कळ, माझे यजमानही त्यातलेच. अशाच एक नांदेडच्या डॉक्टरीणबाई दर भेटीत मला सांगायच्या, "मॅडम, लातूरला माझ्या भाच्याचं हे सगळं झालंसुद्धा." मी कोणत्याही धड्याचं नाव घेतलं की भाच्याचा तो झालेलाच असायचा. एकदा मी मुद्दाम बारावीच्या एका धड्याचं नाव घेतलं. भाचा तेव्हा अकरावीत होता. "झाला ना तोही," बाई म्हणाल्या. त्या भाच्याचं पुढे काय झालं ते विचारायचं राहूनच गेलं.

आता फायनल एक्झिट. म्हणजे इकामा, तिथला राहण्याचा परवाना, संपवून, गाशा गुंडाळून कायमचं परत जायचं. कफीलनं, म्हणजे ज्याच्या नावावर तिथे राहायचं त्या मालकानं, करार वाढवला नाही, कंपनी बुडाली, कुटुंब ठेवणं परवडेनासं झालं, कारण काहीही असो. वर्ष मध्यावर आलेलं असलं तरी बापाच्या कागदाला त्याचं सोयरसुतक नसतं. सोमवारी पहिल्या बाकावर बसलेली मुलगी पुढच्या सोमवारी कोट्टयमला नाहीतर लखनौला असायची. पुढे पुढे हे फारच वाढलं. मी एप्रिलमध्ये वर्गावर नजर फिरवायची तेव्हा मनात यायचं, यातल्या कितीजणी माझ्याकडे शेवटचा धडा शिकतील? त्यांना विचारून उपयोग नव्हता, त्यांच्या बापांनाही ते माहीत नसायचं. म्हणून माझं मत पक्कं झालं होतं की जे पुढे सगळीकडे लागणार आहे ते आधी शिकवून टाकावं. पोर जिथे जाईल तिथे निदान ते घेऊन जाईल.

या मताला आडवे यायचे सिद्दीकी सर. हे मुलांच्या विभागातले गणिताचे प्रमुख, मूळचे हैदराबादचे. मुलांची इमारत वेगळी, मुलींची वेगळी, फाटकं वेगळी, पण परीक्षेचा पेपर एकच. त्यामुळे दोन्हीकडे धडे एकाच क्रमानं घ्यावे लागायचे आणि तो क्रम ठरायचा इंटरकॉमवर. आमच्या स्टाफरूममध्ये चहाच्या किटलीशेजारी तो फोन होता. इतकी वर्षं आम्ही दोघं एकाच शाळेत शिकवत होतो आणि मी सरांना कधी पाहिलं नव्हतं. करोनात मीटिंगा स्क्रीनवर आल्या तेव्हाही ते कॅमेरा बंद ठेवून बसायचे. माझ्यासाठी ते म्हणजे एक घोगरा, सावकाश बोलणारा आवाज. रमजानापुरता धडा बदलायला त्यांची ना नसायची, पण एरवी मी काहीही बदल सुचवला की तो आवाज म्हणायचा, "नक्को मॅडम. किताब का सिलसिला है, वैसाच चलने देव." मी मैत्रिणींत त्यांची नक्कल करायचे, आणि ती बरी जमायची.

मी निवृत्त व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. तिथली जुलै-ऑगस्टची उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा नुकतीच उघडली होती. अकरावीतल्या रुबीनाची आई मला भेटायला आली. मुलींच्या विभागात फक्त आयांनाच आत येता यायचं. हमीदाबाई दापोलीकडच्या, नवरा शराफियाच्या बाजारात एका कार्गोच्या दुकानात होता. लोकांचं गावी जाणारं सामान खोक्यांत भरायचं, बांधायचं, पत्ते घालायचे, हे त्याचं काम. बाईंनी अबाया सावरला, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि हळू आवाजात सुरुवात केली.

"बाई, तुमी आपल्याकडच्या, म्हनून तुमालाच सांगतंय. आमचा हितला खलास झाला. दिवालीच्या आधी जायाचा हाय. कुनाला बोलू नका, अजून घरमालकाला पन सांगितला नाय."

"रुबीनाला माहीत आहे?"

"तिला म्हाईत हाय. ती रडत नाय, तीच मना समजावते. पन तिच्या शिक्षनाचा काय?"

गावाजवळच्या कॉलेजात मामानं चौकशी केली होती. सायन्सला एक जागा होती. पण तिथल्या गणिताच्या सरांची अट होती. अर्धं वर्ष उलटून गेलेलं असेल, तेव्हा मुलीची तोंडी परीक्षा घेऊ. वर्गाबरोबर चालू शकली तर सायन्स, नाहीतर आर्ट्‌सला बसवू. मामाला आर्ट्‌सही चालण्यासारखं होतं. हमीदाबाईंना चालणार नव्हतं, कारण रुबीनाला चालणार नव्हतं.

रुबीनाला जहाजं बांधायची होती. तिचे आजोबा खलाशी होते आणि बाप तिला लहानपणी शुक्रवारी समुद्रावर न्यायचा, तिथून बंदरात जाणारी मालवाहू जहाजं दिसायची. बाकीच्या मुली वहीमागे मेंदीची नक्षी काढायच्या, ही जहाजाचा पोटाकडचा भाग काढायची. तिला मी मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची. त्या दिवशी आई गेल्यावर बोलावून घेतलं तर म्हणाली, "मॅम, इट्स ओके. आय विल मॅनेज." या वयाच्या पोरींनी मॅनेज करायचं ठरवलं की मला जास्तच धास्ती वाटते.

मी त्या कॉलेजातल्या सरांना फोन लावला. माणूस चांगला होता, पण घाईत होता. म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे पुस्तकाचे दोन भाग एकदम चालतात, दोघं शिक्षक शिकवतो. दिवाळीपर्यंत लिमिट संपून डेरिव्हेटिव्ह सुरू झालेलं असेल. तुमच्या दिल्लीच्या बोर्डात ते कधी येतं?"

"जानेवारीत," मी म्हटलं.

"मग कठीण आहे हो," ते म्हणाले. त्यांनी ते सहानुभूतीनं म्हटलं, म्हणून मला आणखी लागलं.

तिला एकटीला शिकवावं, असं कुणीही म्हणेल. मी करून पाहिलं. संध्याकाळी फोनवर व्हिडिओ लावून बसलो दोघी. तिच्याकडे एकच खोली, दोघे धाकटे भाऊ, वडील घरचंच सामान खोक्यांत भरत बसलेले आणि चिकटपट्टी ओढल्याचा आवाज सारखा येत होता. पण खरी अडचण ती नव्हती. लिमिट एकट्यानं ऐकून समजत नाही. शेजारची चुकते, तिसरी तिला हसते आणि मग तीही चुकते, तेव्हा कुठे चौथीच्या डोक्यात प्रकाश पडतो. त्याला पूर्ण वर्ग लागतो. शिवाय पेपर पुस्तकाच्या क्रमानं निघणार, म्हणजे रुबीनाला दोन दोन अभ्यास एकदम करावे लागणार होते.

मी किटलीशेजारचा फोन उचलला. रुबीनाचं नाव घेतलं नाही. एका मुलीला अर्ध्यातून जायचंय, तिचं सायन्स यावर अवलंबून आहे, तेव्हा सहामाहीच्या आधी लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह घेऊ, एवढंच सांगितलं.

"एक बच्ची के वास्ते दोनों सेक्शन का सिलसिला हिलाना?" सिद्दीकी सर म्हणाले.

"दर वर्षी एक असतेच, सर. या वर्षी मला तिचं नाव माहीत आहे, इतकाच फरक."

ते सरळ गणितावर आले. त्यांच्याशी भांडायला मला आवडायचं ते यासाठीच, ते कधी हुद्द्यावर यायचे नाहीत. "स्ट्रेट लाइन हुआ नहीं, मॅडम. बच्चे को ढलान नहीं मालूम, और आप डेरिव्हेटिव्ह पढ़ाएँगे?" मुद्दा बिनतोड होता. डेरिव्हेटिव्ह म्हणजे आकृतीत बघितलं तर चढच, आणि चढ किती हे मोजायला शिकवतो तो सरळ रेषेचा धडा. मी म्हटलं, त्या धड्यातला चढाचा पहिला भाग तेवढा आधी घेऊ, बाकीची रेषा नंतर. ते म्हणाले, आणि बायनॉमियलचा धडा? त्याच्याशिवाय घाताचा नियम कसा सिद्ध करणार? मी म्हटलं, अवयव पाडून. त्यांनी पलीकडे कागदावर करून पाहिलं असावं. पेन्सिलीचा आवाज ऐकू आला.

"होता है," ते म्हणाले. "आप लोग मराठी लोगाँ ज़िद्दी बहुत." आणि मग, इतक्या वर्षांत कधी नाही ते म्हणाले, "चलो, इस बार आप का सिलसिला चलाते."

मी फोन ठेवला आणि स्टाफरूममध्ये सर्वांना चहा दिला. फिजिक्सच्या बाईंनी तर मला मिठीच मारली. किल्ला सर केल्यासारखी मी दिवसभर फिरत होते.

त्यानंतर सरांना एक नवीनच खोड लागली. दर गुरुवारी, म्हणजे आठवड्याच्या शेवटच्या दिवशी (तिथे रविवारी पुन्हा शाळा सुरू), फोन वाजायचा. "मॅडम, कहाँ तक पहुँचे?" मी धडा सांगायची. "कौन सा एक्सरसाइझ? कौन सा सवाल?" मी तेही सांगायची, आणि खरं सांगायचं तर थोडं पुढचंच सांगायची. मला वाटायचं, माझा क्रम फसतोय का ते तपासताहेत. मी मैत्रिणींना म्हटलंसुद्धा, "हरला तरी हिशेब तपासतोच आहे बघा."

मुलांच्या विभागात मात्र कुरकुर सुरू झाली होती. तिथली बरीच मुलं बाहेर प्रवेश परीक्षांच्या क्लासला जायची, आणि क्लासचा क्रम पुस्तकाचा. काही बाप तक्रार घेऊन आले. ते सगळं सरांनी अंगावर घेतलं, माझ्यापर्यंत त्यातलं काही येऊ दिलं नाही. मला ते कळलं तेही शिपायाकडून.

रुबीनानं लिमिट घेतलं ते भुकेल्यासारखं. वर्गात तीन दिवस सगळ्याजणी "मॅम, शून्य भागिले शून्य म्हणजे शून्यच ना" यावर अडून बसल्या होत्या, त्यात तीही होती. चौथ्या दिवशी ती उठून फळ्याशी आली आणि शेजारणीला समजावू लागली. मी मागे जाऊन तिच्या बाकावर बसले. शिक्षकाच्या आयुष्यात असे तास फार येत नाहीत. सहामाही झाली, दाखला हातात पडला, आणि एका सोमवारी ती वर्गात नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर हमीदाबाईंचा आवाजी निरोप आला. "बाई, बसवली तिला सायन्सला. त्या सरांनी फल्याकडं उभी केली. हिनं न थांबता लिवला. सर बोलले, हिला हितं कुनी शिकवायचा?" मागून रुबीनाचा आवाज आला. चक्क मराठीत. "बाई, मी सगळं पहिल्यापासून करून दाखवलं." मी तो निरोप इतक्यांदा लावला की यजमान म्हणाले, आता मलाही डेरिव्हेटिव्ह येईल.

ही बातमी सरांना द्यायला मी फोन उचलणार होते, तर त्यांचाच आला. गुरुवार नव्हता.

"मॅडम, मेरा भी खलास हो गया," ते म्हणाले. "इकामा आगे नहीं बढ़ रहा. उमर का मसला बोलते. इसी हफ़्ते निकलना."

मी रुबीनाचं सांगून टाकलं. ते हसले. मग आपणहून म्हणाले, "आप सोचते होंगे, बुड्ढा किताब से चिपक के रहता. देखो मॅडम, आप जाने वाले बच्चे का सोचते. मैं सोचता था, कल मैं चला गया तो? साल के बीच में जो नया आदमी आएगा, वो किताब खोलेगा, पूछेगा कौन सा चॅप्टर, और शुरू कर देगा. लड़कों का नुक़सान नहीं होता. हर साल येइच डर से पढ़ाया मैं."

या बाजूनं मी कधी विचारच केला नव्हता. माझ्या हिशेबात जाणारी नेहमी मुलगीच होती. शिक्षक जातील तेव्हा मागे राहणाऱ्या वर्गाचं काय, हे माझ्या क्रमात कुठेच नव्हतं.

"मग या वर्षी का ऐकलंत माझं?" मी भान विसरून मराठीत विचारलं. त्यांना समजलं असणार, हैदराबादेत आपली भाषा कानावरून गेलेली असते. पण पलीकडे घंटा झाली. "क्लास है, मॅडम. अल्लाह हाफ़िज़," म्हणाले आणि फोन ठेवला.

ते गेले. नवा शिक्षक लगेच मिळणार नव्हता, व्हिसाच्या कामाला महिने लागतात. दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांनी मला विचारलं, मुलांचा वर्ग स्क्रीनवर घ्याल का? मी हो म्हटलं आणि काय झालंय, काय राहिलंय याची यादी करायला बसले. माझ्या हट्टापायी सगळा क्रम उलटापालटा झालेला. लिमिट झालंय, रेषेचं एक टोक झालंय, कॉम्प्लेक्स नंबर राहिलेत. या पोरांचं कुठे तुटलंय आणि कुठून जोडायचं, हे शोधण्यातच पंधरवडा जाणार, असं धरून चालले होते.

पहिल्या दिवशी मुलींच्या विभागातल्या रिकाम्या खोलीत लॅपटॉप लावला. पलीकडे मुलांचा वर्ग दिसायला लागला. कधी न पाहिलेला तो फळा, ती बाकं, सरांची खुर्ची. मी विचारलं, "सर ने कहाँ तक पढ़ाया है? कौन सा चॅप्टर, कौन सा सवाल?"

पुढच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. "मॅम, सर बोल के गए, मॅडम को पूछने की ज़रूरत नहीं पड़ेगी. जहाँ गर्ल्स सेक्शन है, वहीं हम हैं. हर संडे सर उतना ही कराते थे, जितना आप का हुआ."

मी वही उघडायला सांगितली आणि त्यांनी शेवटचं सोडवलेलं उदाहरण वाचायला लावलं. गेल्या गुरुवारी मी फोनवर थोडं पुढचं म्हणून सांगितलेलं आणि आदल्याच दिवशी माझ्या मुलींना देऊन आलेलं, तेच होतं. करार वाढणार नाही हे त्यांना माझा क्रम मान्य केला तेव्हाच माहीत असणार, आणि मागे वर्ग कोण सांभाळील हेही. मी पुढचं उदाहरण वाचायला घेतलं, पण वाक्य पुरं होईना.

"मॅम," तो मुलगा म्हणाला, "आप का माइक कट रहा है."

"हाँ," मी म्हटलं, "एक मिनट रुको."